मद्दड म्हणजे कोण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

मद्दड हा शब्द तुम्ही वापरता का? ठाण्याला, आमच्या कोपरीत, तो रोज कानावर पडायचा. ज्याला उशिरा कळतं, तो मद्दड. अर्थ सोपा आहे. पण ज्याला नीट ऐकूच येत नाही—त्याला काय म्हणायचं?

माझा थोरला भाऊ दामूदादा आणि मी एकाच वर्गात होतो. लहानपणी त्याचा डावा कान फुटला होता आणि त्या दुखण्यात त्याचं एक वर्ष गेलं. घरच्यांना वाटलं, कान बरा झाला. तो झाला नव्हता. आम्ही एकाच अंथरुणावर झोपायचो. दादा उजव्या कुशीवर झोपला की कितीही हाका मारा, उठायचा नाही. हे फक्त मला ठाऊक होतं.

शाळेत उत्तर बरोबर आलं की पुढचा बाक, चुकलं की मागचा. पुढे असताना दादा माझ्याआधी उत्तर द्यायचा. मग कधी गुरुजी त्याच्या डाव्या बाजूला उभे राहून विचारायचे, हा नुसता बघत राहायचा—की गेला एक बाक मागे. मागे गेल्यावर आणखी कमी ऐकू येणार, नाही का? शेवटी तो भिंतीला टेकला.

"काय मद्दडशेठ, आज तरी तोंड उघडणार का?" पोरं म्हणायची. मीही म्हणायचो.

मराठी शाळा संपली. वडील मिठागरात कामाला. हायस्कुलात एकालाच पाठवता येणार होतं. त्यांनी मला अंगणात बोलावलं. "खरं सांग रे, दामू मद्दडच आहे, का टाळाटाळ करतो?"

त्याला ऐकू येत नाही—एवढंच सांगायचं होतं. मी घाबरलो नव्हतो, गोंधळलोही नव्हतो. मला हायस्कुलात जायचं होतं.

"मद्दडच आहे तो," मी म्हणालो.

दादा मिठागरात गेला. त्याच्या कमाईवर मी बी. ए. झालो. पेढेही त्यानंच वाटले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दामू, तूही शिकायला हवं होतंस."

"छे हो काकू, मी मद्दड," तो हसत म्हणाला.

अजूनही जेवताना तो मला आपल्या उजव्या हाताला बसवतो. तिथून मी कुजबुजलो तरी त्याला ऐकू येतं. मी तिथे बसतो, आणि जेवतो.