ओहोळाच्या चार ओळी

लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा वाटलं होतं, संस्थानी गाव आहे, निदान चार शहाण्या बायका तरी भेटतील. भेटल्या, आणि त्यांनी मला कविता करायला बसवलं, हा पहिला धक्का. कचेरीतल्या कारकुनांच्या, शाळेतल्या मास्तरांच्या आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या घरच्या आम्ही सहाजणी दर बुधवारी दुपारी जमायचो. तांब्यात चिठ्ठ्या टाकलेल्या असत. एक चिठ्ठी काढायची, आणि तिच्यावर जो शब्द असेल त्यावर पुढच्या बुधवारी प्रत्येकीने चार ओळी करून आणायच्या. डोंगर, पाणी, झाडंपाखरं, जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं आणि देवाला मध्ये आणायचं नाही. देवाचा नियम मी घातला. 'करवंद' या शब्दावरसुद्धा सगळ्याजणी कृष्णापाशी जाऊन थांबल्या होत्या, मग काय करणार?

माझ्या ओळी बऱ्या असत, आणि त्या बऱ्या असतात हे मला जरा जास्तच ठाऊक होतं. त्या भादव्यात शब्द निघाला 'ओहोळ'. घरामागेच ओहोळ वाहत होता, तरी सहा दिवस माझी पाटी कोरीच राहिली. डॉक्टरांच्या वहिनींचं मात्र दुसऱ्याच दिवशी झालं होतं, आणि ते त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी मोळीवाली आली. साखरशेत गावाकडच्या एका पाड्यावरून ती दिवसाआड आमच्याकडे लाकडं आणायची. परसात मोळी टाकून ती ओहोळावर पाय धुवायला गेली, आणि पाण्याकडे बघत हळू आवाजात काही म्हणू लागली. चार ओळी होत्या. ओहोळातल्या एका चिंबोरीच्या, म्हणजे खेकडीच्या. आठवडाभर मी जे शोधत होते ते हिच्या तोंडात आयतं होतं.

"पुन्हा म्हण," मी पाटी घेऊन धावत गेले. ती पाण्यातून पाय काढून निघाली. मी मागे लागले, तेव्हा खाली मान घालून तिने पुन्हा म्हटलं. मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. शेवटची ओळ मला उदास वाटली, यमकही जुळत नव्हतं. ती पुसून मी माझी घातली. बुधवारी वाचलं ते असं:

ओहळा रं, हळू वाह,
दगडाआड निजली चिंबोरी.
काठाला उभी हाय आई,
नको जाऊ खाली, ये माघारी.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. सगळ्याजणींनी ओळी उतरवून घेतल्या. डॉक्टरांच्या वहिनींनीसुद्धा. त्यांच्या लेकीने तर चाल लावली, आणि आठ दिवसांत आमच्या आळीतल्या पोरी झोपाळ्यावर तेच गात होत्या. मला आनंद मावत नव्हता.

पुढे दोनेक आठवड्यांनी एकदा मोळीवाली आली, तेव्हा शेजारच्या ओटीवर पोरी गातच होत्या. ती मोळी डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली.

"बाय, ह्या पोरींना कुणी शिकवला ह्या?"

"मी केल्यात त्या ओळी," मी म्हणाले. तिच्या तोंडावर म्हणाले.

"तुझ्या नाय. माझ्या पोरीच्या हायेत."

तिची पाच वर्षांची पोर तापाने गेली होती. त्या मंगळवारच्या आधी तिने चार खेपा चुकवल्या म्हणून मी तिला बोल लावला होता, आणि का चुकवल्या ते विचारलं नव्हतं. त्यांच्या पाड्यात पोर गेलं की आई त्याच्यासाठी आपल्या शब्दांत चार ओळी बांधते आणि पाण्याकाठी एकटीच म्हणते. पाण्याने त्याला खाली मोठ्या पाण्याकडे न्यावं म्हणून. दुखवट्याचे दिवस झाले की ते शब्द पुन्हा तोंडात घ्यायचे नाहीत. घेतले तर पोर अर्ध्या वाटेत थांबतं. मी म्हणवून घेतलं ती मंगळवारची सकाळ ते शब्द म्हणायची तिची शेवटची सकाळ होती.

"मी तिला 'जा' बोलले होते," ती म्हणाली. "आता सगळा गाव तिला 'ये' बोलतो. ती कुठं जाईल?"

इतकी लाज मला आयुष्यात त्याआधी वाटली नव्हती, नंतरही नाही. त्याच दुपारी मी पाच घरी जाऊन कागद परत मागितले. डॉक्टरांच्या वहिनी हसल्या, "एवढा काय गर्व आला ओळींचा?" कागद मिळाले. पोरींना दटावलं, तर त्या आणखी मोठ्याने गाऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी ती मोळी न घेताच आली.

"तू बोलावलीस, तूच तिला सांग. शेवटची ओळ माझी होती तशी म्हण. माझ्याच्यानं आता म्हणवत नाय, दिवस झाले."

आम्ही ओहोळावर गेलो. ती मागे जांभळीखाली उभी राहिली, पाठ फिरवून. मी पहिली ओळ म्हटली, दुसरी, तिसरी. चौथीपाशी थांबले. तिची ओळ मी पाटीवरून पुसली होती. 'खाली ने' असं काहीतरी होतं, अर्थ आठवत होता, पण शब्द? आईने बांधलेले ते चार-पाच शब्द, तीनदा म्हणवून घेतलेले, आणि त्यांतला एकही सापडेना. जीभ वळायची ती माझ्याच ओळीकडे. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

ती पाठमोरीच होती. मान न वळवता म्हणाली, "बोल ना बाय. ती थांबलीय."