फोडणीचा कोट

मँचेस्टरच्या बाहेरचं आमचं घर आम्ही घेतलं ते विकण्यासाठी. हे लिहिताना आजही मला राग येतो, पण खरं ते खरं. पाच वर्षं राहायचं, घर विकायचं, सुटलेल्या नफ्यात पुण्याला फ्लॅट घ्यायचा आणि कायमचं परत जायचं, असं आमचं ठरलं होतं. म्हणजे ठरवलं नवऱ्यानं. मी 'परत जायचं' एवढंच ऐकलं आणि मान डोलावली. माझी आई पुण्यात एकटी होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि घरांच्या किमती अशा चढत होत्या की नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्याच्यासारखे डॉक्टर लोक पेशंट सोडून घरांबद्दलच बोलत.

तोवर आमचा मुक्काम हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये. दर सहा महिन्यांनी नवऱ्याची नेमणूक बदलायची आणि आम्ही बोचकी बांधून नव्या गावी. स्वयंपाकघर चार बिऱ्हाडांत मिळून एक. एका रविवारी सकाळी मी तिथे वरणाला फोडणी दिली आणि धुराचा अलार्म वाजला. सगळी इमारत ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर गवतावर, आणि मी हातात पळी घेऊन. कुणी एका शब्दानं बोललं नाही. इथली माणसं बोलत नाहीत, खिडकी उघडतात. पुढे कितीतरी दिवस मी स्वयंपाकघरात शिरले की कुणीतरी उठून खिडकी उघडायचं. त्यामुळे नव्या घराकडे माझं मागणं एकच होतं: स्वयंपाकघराला दार हवं. मी आत, वास आत आणि दार बंद.

एका सपाट केलेल्या शेतात घरं उभी राहत होती. रस्त्याच्या नावानं चिखल होता, पण नमुन्याचं एक घर मात्र पडद्यांसकट तयार होतं. त्याच्या गॅरेजमध्ये गालिचा घालून, कुंड्या मांडून विक्रीचं ऑफिस केलेलं. तिथल्या बाईंच्या केसांवर इतका स्प्रे होता की वाऱ्यानं बाई हलल्या असत्या, केस हलले नसते. त्यांनी आम्हाला घर फिरवून दाखवलं आणि मी भुलले. खोल्या केवढ्या मोठ्या, उजेड केवढा! आतली दारं मुद्दाम काढून ठेवली की खोल्या मोठ्या दिसतात, हे मला फार नंतर कळलं. मग आम्ही गॅरेजमधल्या खुर्च्यांवर बसलो आणि पाहिलेल्या घरातली एकेक वस्तू गळायला लागली.

"ती फायरप्लेस?" नवऱ्यानं विचारलं.

"ती एक्स्ट्रा, लव्ह." तिथे कुणालाही लव्हच म्हणतात.

"शॉवर?"

"टब आहे. शॉवर एक्स्ट्रा."

"मागची हिरवळ?"

"पुढची आम्ही लावतो. मागची एक्स्ट्रा."

"मग जाहिरातीतल्या किमतीत येतं काय?" मी मध्येच विचारलं.

बाईंनी क्षणभर विचार केला. "घर," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. नवऱ्याला आलं नाही. तो एकेक एक्स्ट्रा मनात तोलत होता आणि तोलायचं माप एकच होतं: विकताना उपयोगी पडेल का? फायरप्लेस घेतली, कारण इंग्रज गिऱ्हाइकाला फायरप्लेस लागतेच. बाथरूमला पीच रंगाच्या टाइल्स छतापर्यंत घेतल्या, कारण गिऱ्हाइकाच्या बायकोला आवडतील. गालिचा बिस्किटाच्या रंगाचा, कारण तो कुणाच्याही सोफ्याशी जातो. भिंती सगळ्या मॅग्नोलिया, म्हणजे दुधात चुकून चहाचा थेंब पडावा तसा रंग. ती गिऱ्हाइकाची बायको, ती बया, अजून जगाच्या पाठीवर कुठे होती कोण जाणे, पण आमच्या शेजारी चौथ्या खुर्चीत तीच बसली होती आणि तिच्या आवडीनिवडी माझ्या नवऱ्याला तोंडपाठ होत्या.

मग माझी पाळी आली. नकाशात स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यामध्ये दार नव्हतंच, कमान होती. मी म्हटलं, इथे दार हवं. बाई म्हणाल्या, करता येईल, एक्स्ट्रामध्ये, पण कमानीची फॅशन आहे, लोक कमानीवरच भाळतात. 'लोक' म्हटल्याबरोबर नवरा सावध झाला.

"अगं, पाच वर्षांचा तर प्रश्न आहे," तो मराठीत म्हणाला. "दार पाहून गिऱ्हाईक मागे फिरलं तर?"

"अहो, आणि पाच वर्षं मी फोडणी कुठे देऊ?"

"काढू काहीतरी मार्ग."

मार्ग निघाला तो गॅरेजमध्ये. तिथे विजेचं एक सॉकेटसुद्धा एक्स्ट्रा होतं, पण ते नवऱ्यानं आनंदानं घेतलं, गिऱ्हाइकाला ड्रिल चालवायला बरं म्हणून. त्या सॉकेटवर माझी विजेची शेगडी आली. "वास भिंतींत मुरतो," तो मला समजावायचा. "गिऱ्हाइकाचं नाक गिऱ्हाइकाच्या आधी आत येतं." तो वाईट माणूस नव्हता. गवतावर उभी राहिलेली ती गाऊनमधली माणसं त्यानंही पाहिली होती, आणि माझ्यापेक्षा त्यालाच ती जास्त लागली होती.

तेव्हापासून माझा रोजचा क्रम ठरला. वरण आत शिजवायचं. मग जुना करडा कोट चढवायचा, डोक्याला रुमाल बांधायचा, पुढच्या दारानं बाहेर पडून गॅरेजचं शटर वर ढकलायचं, कारण घरातून गॅरेजमध्ये जायला दार नव्हतं. तेही एक्स्ट्रा होतं. शेगडीवर तेल तापायला युग लागायचं. मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता मिळाला असेल तर कढीपत्ता, वर झाकण, आणि फोडणीची ती छोटी कढली कोटाच्या आड धरून पावसातून धावत आत. तरी व्हायचं तेच. वरणावर ओतेपर्यंत फोडणी निवलेली असायची. कढलीतून खाली पडायची ती मुकाट्यानं. रंग यायचा, चव यायची, पण ते चर्र होतं ना, ते काही व्हायचं नाही. आई स्वयंपाकघरात वरण फोडणीला टाकायची तेव्हा तो आवाज अंगणापर्यंत यायचा आणि आम्ही न बोलावता पानावर येऊन बसायचो. इथे मला वर तोंड करून "जेवायला या" असं ओरडावं लागायचं.

समोरच्या घरातल्या बाईला वाटायचं की मी चोरून सिगारेट ओढायला गॅरेजमध्ये जाते. एकदा तिनं डोळा मारून मला लायटर दाखवला. मी तिचा गैरसमज तसाच राहू दिला. सिगारेट तरी तिला समजत होती. तो कोट घरात आणायचा नाही, असा दंडक होता. गॅरेजमध्ये खिळ्याला लटकायचा. त्याला आम्ही फोडणीचा कोट म्हणायचो, आणि सुरुवातीला हसायचोसुद्धा.

मग हसणं थांबलं. व्याजाचे दर भडकले, घराचा हप्ता फुगला आणि किमती कोसळल्या. चढताना सगळे बोलत होते, उतरताना कँटीनमध्ये कुणी तोंड उघडेना, असं नवरा म्हणाला. एका संध्याकाळी त्यानं मला शांतपणे सांगितलं की आता घर विकलं तर बँकेचं कर्जसुद्धा फिटणार नाही, वरून पदरचे भरावे लागतील, आणि पदरात काही नाही. मी विचारलं, म्हणजे कधी जायचं? तो म्हणाला, वर येऊ दे किमती. मी उठून खिडकी उघडली आणि समोर पाहिलं तर तशाच घरांची रांग, तशाच कमानी, आणि प्रत्येकात आमच्यासारखंच कुणीतरी अडकलेलं.

पाच वर्षं सरली. आई फोनवर दर दिवाळीला विचारायची, "यंदा येताय ना?" मी सांगायची, पुढच्या वर्षी. मग एका दिवाळीला तिनं विचारलंच नाही. हवापाण्याबद्दल बोलली, शेजारणीच्या गुडघ्याबद्दल बोलली आणि "ठेवते" म्हणाली. मी रिसीव्हर हातात धरून जिन्यावर बसून राहिले. त्या घरात मला सगळ्यात मोठं रडू आलं ते त्या दिवशी, आणि तेही मी गॅरेजमध्ये जाऊन रडले.

मुलगी त्याच घरात जन्मली आणि वाढली. तिच्या खोलीच्या भिंतीही मॅग्नोलिया. तिला जांभळ्या हव्या होत्या, पण गिऱ्हाईक! चित्र लावायचं तर खिळा नाही. देव बॉयलरशेजारच्या कपाटात, उदबत्तीशिवाय. गालिच्यावर ठिकठिकाणी प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि आम्ही त्यांवरून चालायचो. मैत्रिणी आल्या की ती त्यांना बजावायची, "डोन्ट स्पिल, घर विकायची आहे." दुसऱ्यांची मुलं परीकथा ऐकत मोठी झाली, ही त्या गिऱ्हाइकाच्या गोष्टी ऐकत.

नव्वदचं दशक अर्धं उलटलं तेव्हा किमती हळूहळू आमच्या खरेदीच्या आकड्याला येऊन टेकल्या. नवऱ्यानं लगेच एजंटला बोलावलं आणि पुढच्या हिरवळीवर पाटी रोवली. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "आलीस की खरं." तरी तिच्या आवाजात काहीतरी हललं, मला ते ऐकू आलं. घर पाहायला एक तरुण जोडपं शनिवारी येणार म्हणून शुक्रवारपासून चूल बंद. सँडविच खाल्ली. शनिवारी नवऱ्यानं कॉफी उकळत ठेवली, कॉफीच्या वासानं घर विकलं जातं असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं.

आणि ती आली. इतक्या वर्षांची ती बया, प्रत्यक्ष. पंचविशीची, नितळ चेहऱ्याची, पोटुशी. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी तिला फायरप्लेस दाखवली, पीच टाइल्स दाखवल्या, कमान दाखवली. ती हात पाठीमागे बांधून, कशाला धक्का न लावता हिंडली. दारात निरोप घेताना तिनं माझा हात हातात धरला आणि अगदी मनापासून म्हणाली, "किती छान ठेवलंय हो तुम्ही! इथे कुणी राहतं असं वाटतच नाही."

नवऱ्याचा चेहरा खुलला. मी दार लावून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी एजंटचा फोन आला. त्यांना घर फार आवडलं होतं, पण ते घेत नव्हते. पलीकडच्या शेतात नवी घरं होत होती, आणि तिथे टाइल्स, गालिचे सगळं आपल्या पसंतीनं निवडता येत होतं. बाळाच्या खोलीला तिला पिवळा रंग द्यायचा होता. नवऱ्यानं रिसीव्हर ठेवला, फायरप्लेससमोर बसला आणि म्हणाला, "येईल. दुसरं कुणीतरी येईल."

मी गॅरेजमध्ये गेले. शटर वर ढकललं. कोट खिळ्याला होता, त्याला हात लावला नाही. मोहरीचा डबा, हिंगाची डबी आणि कढली घेऊन आत आले. गॅस मोठा केला. तेल बघता बघता तापलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, लसूणही टाकला चांगला ठेचून, आणि सगळं उकळत्या वरणावर उपडं केलं.

चर्र झालं.

वरून मुलगी धावत जिना उतरली. "ममी, काय झाला? काय फुटला?" ती घाबरून कमानीत उभी होती. जन्मापासून रोज वरण खाणारी माझी पोर, आणि तिनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"काही फुटलं नाही, बाळा," मी म्हटलं. "फोडणी दिली."

वास कमानीतून बाहेर पडला, पडद्यांना लागला, बिस्किटाच्या रंगावरून सरकत जिना चढून वर गेला. नवरा तिच्या मागे येऊन उभा राहिला. रागावेल असं वाटलं होतं. त्यानं पातेल्यात डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "इथे दार बसवून घेऊ या का? उद्याच कुणाला तरी बोलावतो."

मला माहीत होतं, तो हे म्हणाला याचा अर्थ काय. आता परत जाणं नाही. आईला फोन मलाच करावा लागणार होता.

"नको," मी म्हटलं. "आता दार कशाला? पानं घ्या."