गुणवंतरावांचा समुद्र आणि इंदुताईंच्या किल्ल्या

दिनांक १४ जून २०२४, शुक्रवार. घुग्घुस येथील सिमेंट कारखान्यामागच्या गल्लीतील सात कुटुंबांनी इंदुताई बोबडे यांच्याकडे ठेवलेल्या आपापल्या घरांच्या किल्ल्या या एकाच दिवशी परत नेल्या. कोणी सांगितले, पाहुणे यायचे आहेत. कोणी सांगितले, कुलूप बदलायचे आहे. खरे कारण एकानेही उच्चारले नाही, लेखी देणे तर दूरच. अकरा वर्षे ज्या बाईने या गल्लीचे सिलिंडर उतरवून घेतले, तुळशींना पाणी घातले आणि पाळीवरून उशिरा परतणाऱ्यांसाठी दारे उघडली, तिच्या भिंतीवरचे सात खिळे सकाळी दहाच्या आत मोकळे झाले. अशा गोष्टीची दखल घेणारे कार्यालय अस्तित्वात नाही, म्हणून ती आमच्या या अंकात नोंदविली आहे.

आठव्या खिळ्यावरची किल्ली तेवढी राहिली. ती गुणवंतराव वांढरे यांची. वास्तविक नुकसान झाले ते त्यांचेच.

गुणवंतराव मूळचे आरमोरीकडचे, धानाच्या शेतकऱ्याच्या घरचे. रसायनशास्त्र शिकले आणि सव्वीस वर्षे कारखान्याच्या प्रयोगशाळेत चुनखडीचे नमुने तपासत राहिले. ही चुनखडी म्हणजे कोण्या काळच्या समुद्राचा तळ, ही गोष्ट त्यांना फार पूर्वी कळली होती. तिच्यावर सिमेंटखेरीज आणखी काही उभे करावे असे मात्र पंचेचाळिशी उलटल्यावर मनात आले. त्यांनी पुढच्या खोलीत चार फूट लांबीची काचेची पेटी मांडली. कुरिअरने आलेले मीठ शुद्ध पाण्यात मोजून मिसळले. आठ वर्षांत त्या पाण्यात जांभळे, हिरवे, पिवळसर प्रवाळ वाढले आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या नारिंगी माशांची एक जोडी त्यांच्या आडोशाने राहू लागली. समुद्र त्यांनी स्वतः आयुष्यात दोनदा पाहिला होता. गल्लीने त्या पेटीला ‘भाऊचा समुद्र’ हे नाव दिले; त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे गल्लीलाही ठाऊक नसावे.

समुद्राला सव्वीस अंश लागत. घुग्घुसचा मे महिना पंचेचाळिसाखाली उतरत नाही. त्यासाठी पाणी गार करणारे एक यंत्र, चिलर, पेटीमागच्या खिडकीला लावून ठेवले होते. फ्रिज जसा मागून गरम हवा सोडतो तसेच हे यंत्र. त्याची गरम हवा खिडकीतून बाहेर जाई. सबब ती खिडकी उन्हाळाभर सताड उघडी असे. आता या गावात मे महिन्यात दिवसा उघडी खिडकी म्हणजे वेडाचे लक्षण. सकाळचे दहा वाजले की प्रत्येक घर खिडक्या लावते, फटीत ओले फडके कोंबते आणि संध्याकाळपर्यंत लूच्या झळा आणि कोळशाची धूळ दोन्ही बाहेर ठेवते. लेकरांना पाढ्यांआधी हे शिकवले जाते.

२५ मे रोजी गुणवंतराव भाचीच्या लग्नाला तीन दिवसांसाठी आरमोरीला गेले. जाताना त्यांनी इंदुताईंच्या हाती किल्लीसोबत एक कागद दिला. त्यात अकरा सूचना होत्या: मुख्य कळ बंद करू नये, काचेला हात लावू नये, माशांना चिमूटभरच खाद्य द्यावे, इत्यादी. भाषा निर्दोष होती. खिडकीचा उल्लेख नव्हता. जी गोष्ट आपण स्वप्नातही करणार नाही ती दुसरा कोणी कर्तव्य म्हणून करील, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही.

सोमवारी संध्याकाळी ते परतले तेव्हा इंदुताई दारातच उभ्या होत्या.

“भाऊ, गंज लू होती दोन दिवस. पन मीनं घराले आच लागू देली नाई. सारं बंद ठेवलं. मासे काऊन असे सुस्तावले, तेवढं मले समजलं नाई.”

खिडकी लावलेली होती. फटीत ओला टॉवेल नीट, चार बोटांनी दाबून बसवलेला होता. बंद खोलीत चिलरने आपलीच गरम हवा परत ओढली, तापला आणि थांबला. पाणी चौतीस अंशांवर होते. प्रवाळ पांढरे पडून त्यांच्या अंगाची साल पाण्यात तरंगत होती. नारिंगी जोडी पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होती.

गुणवंतरावांनी टॉवेल काढला, खिडकी उघडली, टॉवेल घडी करून इंदुताईंच्या हातात दिला आणि एवढेच म्हटले, “लाइट गेली असन.”

हे एक वाक्य त्यांना महागात पडले. रात्री आपण नसताना गेली असेल असे धरून इंदुताईंनी ते गल्लीभर नेले आणि वीज कार्यालयाचा उद्धार आरंभला. आता गुणवंतराव हे रस्ता, धूळ, नळ यांबाबत आजवर सत्तरेक अर्ज केलेले गृहस्थ. आपला समुद्र मेला आणि हा माणूस अर्ज करत नाही, हे कोणाला पटते? अखेर त्यांनी वीज गेल्याचा अर्ज लिहिला. आयुष्यातला पहिला खोटा अर्ज. खाली साक्षीदार म्हणून इंदुताईंनी सही केली. चष्मा घरी विसरला होता, म्हणून न वाचता.

आठ-दहा दिवसांत एकेक करून प्रवाळ गेले. उरले ते मासे आणि कोपऱ्यातल्या दगडावरचे चार-दोन मऊ प्रवाळ. प्रवाळ पुन्हा वाढवण्याइतकी आठ वर्षे आपल्यापाशी आहेत, असे गुणवंतरावांना वाटेना. त्यांनी पेटी विकायला काढली. अट एकच, जे जिवंत आहे ते जिवंत राहिले पाहिजे.

पहिला आला तो बसस्टँडजवळचा हॉटेलवाला लटारू. त्याने काचेवर टिचकी मारली.

“काच तं जबर हाये भाऊ. समोसे ठेवतो यात. बल्ब लावला का गरमच्या गरम राह्यतीन.”

“आणि मासे?”

“नालीत सोडून देऊ. वर्धा नदीत जातीन, तिथून समुद्रात. मोकळे करा ना बिचाऱ्यायले!”

“आणखी एक गिऱ्हाईक यायचं आहे,” गुणवंतराव म्हणाले.

“मंग मी बसतो. ते गेलं का मी उचलतो.” आणि तो खरोखरच खुर्ची ओढून बसला.

ते गिऱ्हाईक म्हणजे आरमोरीच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या रंजीता मॅडम. त्या रविवारी, ९ जूनला, दुपारी आल्या. त्यांनी पाण्याची नोंदवही वाचली, मासे पाहिले, वाकून चिलरवर हात ठेवला.

“सर, हे सगळं मेलं कशानं?”

“वीज गेली होती.”

“आणि आल्यावर चिलर आपोआप सुरू झाला नाही?”

गुणवंतरावांनी नोंदवही मिटून बाजूला ठेवली.

“कारण आरमोरीला वीज रोजच जाते. जाऊन आल्यावर हा आपला आपण सुरू होत नसेल, तर पहिल्याच आठवड्यात हे मासे माझ्या हातून मरतील. मग मला नेता येणार नाही.”

चिलर निर्दोष होता. वीज जाऊन आली की दोन मिनिटांत तो सुरू होई, हे गुणवंतरावांनी शेकडो वेळा पाहिले होते. तोंडातून एक वाक्य काढले की मासे वाचत होते. पण त्या वाक्याच्या पुढचा प्रश्न कोणता येईल हे त्यांना ठाऊक होते, आणि इंदुताई त्याच क्षणी पन्ह्याचे ग्लास घेऊन दारात आल्या होत्या. लटारूने खुर्चीतून पेटीच्या लांबीचा अंदाज घ्यायला सुरुवात केली.

“लाइट?” इंदुताई म्हणाल्या. “रात्री गेली असन, भाऊ म्हनते तं. दिवसा तं मी तीनही दिवस इथीच, पंख्याखाली बसून राह्यली होती मॅडम. एक मिन्टं नाई गेली.”

“मग खोली गरम कशी झाली?”

“गरम कायले होईन? दहाच्या ठोक्याले खिडकी लावत होती मी. फटीत टॉवेल. भाऊ तं येड्यावानी उघडीच ठेवते.”

रंजीता मॅडमनी खिडकीकडे पाहिले, मग चिलरच्या पाठीकडे. इंदुताईंनी त्यांच्या नजरेमागोमाग पाहिले आणि यंत्राच्या मागे हात धरला. गरम हवा हाताला लागली तसा त्यांनी पन्ह्याचा ट्रे खाली ठेवला.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “मंग त्या कागदावर मीनं सही कायची केली?”

“माह्या चुकीची,” गुणवंतराव म्हणाले. “अकरा गोष्टी लिहिल्या. खिडकी मीच लिहिली नाई.”

“आता समजलं!” लटारू मांडीवर थाप मारून म्हणाला. “इंदुबाईनं समुद्र शिजवला!”

कोणी हसले नाही. पण लटारूला हसणारी माणसे बसस्टँडवर हवी तेवढी मिळाली.

रंजीता मॅडमनी पेटी, चिलर, मासे, सारे नेले. प्रयोगशाळेची उत्तरेकडची खिडकी चिलरसाठी उघडी ठेवीन, हे त्यांनी लिहून दिले. दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी वीज कार्यालयात जाऊन आपला अर्ज मागे घेतला. कारणाच्या रकान्यात ‘अर्जदाराची चूक’ असे लिहिले. कारकुनाने तो रकाना दोनदा वाचला.

त्या आठवड्यात इंदुताई दळणाला गेल्या तरी त्यांना विचारणा होई, “काऊन वो बाई, आज कोनाचं शिजवता?” शुक्रवारी सात किल्ल्या गेल्या. आठवी त्या स्वतःच परत द्यायला आल्या.

“घ्या भाऊ. आता घरात बिघडाले राह्यलं तरी का?”

“म्हणूनच ठेवा,” गुणवंतराव म्हणाले आणि दार लावून घेतले. किल्ली परत त्या खिळ्यावर गेली.

या गल्लीत त्या दिवसांत उघडी खिडकी पाहून ती लावली नसती, असे एकही घर नाही. सातांपैकी कोणाच्याही हाती ती किल्ली असती, तरी समुद्र तसाच मेला असता. हा अंक त्या सातही घरांत येतो. तेव्हा मागणी अशी: इंदुताईंना तो प्रश्न विचारणे आजपासून बंद करावे. आपापली किल्ली स्वतःच्या हाताने नेऊन त्यांच्या खिळ्याला लावावी. सोबत सूचनांचा कागद द्यायचा असल्यास अवश्य द्यावा. त्यात खिडकीबद्दल लिहावे.