गायाच्या पुलावरची थट्टा

नायजरमधल्या गाया गावच्या बाजारात कांदे विकणाऱ्या साल्मूची लेक बिबाता नदीपलीकडे, बेनिनमधल्या मालानव्हिलला दिलेली. मधे पूल. नायजर आणि बेनिन देश वेगळे, पण पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा संघ एकच. ओळखपत्र दाखवलं की पलीकडे. लेकीचं सासर परदेशात आहे हे साल्मूच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

पुलावर लावाली नावाचा शिपाई असायचा. तो माउरी, साल्मू झारमा, आणि या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. वाटेल त्या शिव्या घाला, समोरच्यानं रागवायचं नाही. "गुलामा, बाजूला हो," ती म्हणायची. "म्हातारे, तुझ्या आजीला आम्हीच विकली होती," असं म्हणत तो तिच्या टोपलीतला कांदा उचलायचा. रोज हेच, आणि रोज दोघं हसायची.

मग नायजरच्या राजधानीत लष्करानं सत्ता घेतली आणि संघानं चिडून सीमा बंद केल्या. भांडण मोठ्यांचं, दार लागलं साल्मूचं! तिचे कांदे पोत्यातच सडले. पुढे लष्करानं संघच सोडला, तेव्हा मैदानात हात दुखेपर्यंत टाळ्या पिटणाऱ्यांत तीही होती. बरी जिरली मेल्यांची, म्हणाली. काही दिवसांनी बेनिननं आपली बाजू उघडली. आपल्या लोकांनी मात्र पुलावर आडवे लावलेले मालाचे लोखंडी कंटेनर तसेच ठेवले. कुणावर राग काढायचा होता, देव जाणे!

पावसाळ्यात बिबाता बाळंत झाली. पोर अशक्त, अंगावर पीत नव्हतं. तिनं फोनवर एवढंच म्हटलं, "आई, ये गं." नदी दुथडी भरलेली, होड्या शिपायांनी बांधून घातलेल्या. साल्मू तडक पुलावर गेली.

"गुलामा, बाजूला हो. नातवाला न्हाऊ घालायचंय."

लावाली हसला नाही. "हुकूम नाही, बाई. मागे फिरा."

बाई! इतक्या वर्षांत त्यानं तिला बाई म्हटलं नव्हतं. तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या, खादाड म्हटलं, चोर म्हटलं. एकदा हसला की सोडेल, ही आशा. त्यानं बंदूक आडवी धरली आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला. साल्मू वाटभर शिव्या देत घरी आली, लष्कराला, संघाला, आणि टाळ्या पिटणाऱ्या स्वतःच्या हातांना.

नाव ठेवायच्या आदल्या दिवशी पोर गेलं. आजीनं त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

महिन्याभरानं लावाली बाजारात आला. त्यानं घसा खाकरला, एक कांदा उचलला आणि ओशाळं हसत म्हणाला, "काय गं म्हातारे, माझे कांदे विकून खातेस?"

साल्मूच्या तोंडात शंभर शिव्या होत्या. त्यातली एक जरी दिली असती तरी नातं परत जुळलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

ती उठली, हात पुसले. "किती देऊ, साहेब?"

लावाली कांदा हातात धरून तसाच उभा राहिला. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.