चातुर्मासातले मासे

सन दोन हजारच्या सुमाराला आमच्या पंचवटीतल्या गल्लीत हिवतापाने घरं धरली. माझी धाकटी बहीण दुसऱ्यांदा तापाने पडली. मी संतापाने डासांविरुद्ध पत्रक लिहून गल्लीभर वाटलं.

दोन दिवसांनी मलेरिया खात्याचा एक माणूस आला. गप्पी माशांची बरणी त्याने तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती. त्याने आमच्याच टाकीतलं पाणी पांढऱ्या डावात घेऊन दाखवलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. पत्रकात मी घरच्या टाकीबद्दल एक ओळही लिहिली नव्हती.

“मासे सोडतो,” तो म्हणाला.

आई आडवी आली. “चातुर्मासात? आमच्याकडे कांदासुद्धा चिरत नाहीत!”

मी तावातावाने विज्ञान सांगू लागले. त्याने मला हातानेच थांबवलं.

“काकू, उपास तुमचा हाय. यांना खाऊ द्या की. डास पोरीचं रक्त पितात ना, त्यांचीच पिल्लं खातात हे.”

आईने बहिणीच्या अंथरुणाकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली. माणसं बदलायची तर आधी भांडावं लागतं, असं मी मानत होते. हा भांडलाच नाही. त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात आईनेच त्याला अडवलं. “टाकीत एक अळी उरली नाही. आता यांना उपाशी मारता का?”

“शेजारी धाडा,” तो हसला.

आईने तांब्यात चार मासे घेतले आणि शेजारच्या सोवळ्या आजींचं दार वाजवलं.

“घ्या आजी, निर्धास्त घ्या. आठवडाभर शाकाहारी घरात राहिलेत!”