शनिवारचं सांबार

आईच्या शनिवारच्या सांबाराचा वास पेरुंगुडीच्या आमच्या इमारतीत लिफ्टने फिरतो. सातव्या मजल्यावर उतरला की तिथलं भांडण मिटतं, चौथ्यावर उतरला की नवं लागतं, कारण तिथल्या नवऱ्याला स्वतःच्या ताटाकडे बघवत नाही. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते माझ्या बायकोलाही कळत नाही, आणि ती पुण्याची आहे.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पूर्वज घोड्यांवरून इकडे आले म्हणतात. घोडी गेली, सोवळं राहिलं. शनिवारी तिळाचं तेल चोपडून न्हायचं, आणि आईने सोवळ्यात एकटीने रांधलेलं आधी पेरुमाळला, म्हणजे आमच्या तिरुपतीवाल्याला, मग आम्हाला. तोवर स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही आणि चव तर कुणीच घ्यायची नाही, आईनेसुद्धा. देवाला उष्टं कसं चालेल? ती खडेमीठ मुठीने काढायची, न बघता सोडायची, आणि उभ्या जन्मात त्यात चूक झाली नव्हती.

मग एका शनिवारी मी पहिला घास घेतला आणि वाटलं, आपण मरीनाच्या वाळूवर तोंड उघडं टाकून झोपलो होतो आणि भरती आली. बाबांकडे पाहिलं. त्यांचा रक्तदाब असा, की डॉक्टरांनी मिठाकडे नुसतं बघायलाही मनाई केलेली. त्यांनी घास गिळला, डोळे पुसले आणि म्हणाले, "शेंगा कोवळ्या आहेत आज."

पुढच्या शनिवारी तेच. मी दारातून बघायचो: आई मीठ टाकायची, वळून अप्पळम, म्हणजे पापड, तळायची आणि पुन्हा मीठ टाकायची. त्याच सुमाराला मला "ऑफिसातून आलास, कण्णा?" असं विचारून, मी हो म्हटल्यावर, चहा देताना पुन्हा तेच विचारू लागली होती.

"आईंना सांगायला हवं," बायको म्हणाली.

"सांगायचं नाही," बाबा म्हणाले. "तुझ्या सासूच्या आईचं असंच सुरू झालं. लोकांनी तिला चुलीपासून उठवलं. आधी चूल सुटली, मग आमची नावं सुटली."

पुण्याने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.

आई नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायला बसायची. म्हणजे तिच्यासाठी सांबार उरलंच नाही तर तिला कळणारही नाही, असा आमचा बेत ठरला. मी पातेली रिकामी केली. वर इतकं पाणी प्यायलो की सोसायटीने टँकर मागवला तो माझ्यामुळेच, अशी माझी खात्री आहे. बाबांना मी वाढत नव्हतो, तर ते माझी नजर चुकवून घ्यायचे. आई ताकभात आणि लोणचं खात आमच्याकडे कौतुकाने बघायची.

"राक्षस आहात दोघे," ती म्हणाली, आणि पुढच्या शनिवारी मोठं पातेलं काढलं. त्याच्या पुढच्या शनिवारी लग्नकार्यातलं.

मग एका सकाळी बाबा भिंत धरून चालताना दिसले. पाय सुजून उशीसारखे झालेले. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाबाच्या यंत्राकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. "मीठ कोण खायला घालतंय यांना?"

"मी तर बेताचंच घालते," आई म्हणाली.

"बेताचंच असतं," बाबा लगेच म्हणाले. मीही मान डोलावली, जरा जास्तच जोरात.

आईने बाबांच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या आठवड्यात तिने मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, कुणी तोच प्रश्न दहादा विचारावा म्हणून घरात घुटमळत राहिलो.

शनिवारी ती ओल्या केसांनी, सोवळं नेसून आत गेली. आम्ही बाहेर बसलो होतो. थोड्या वेळाने तिने बायकोला, लेकीला मारावी तशी, हाक मारली.

"आत ये, मा."

"आई, सोवळं आहे ना? नैवेद्य व्हायचाय अजून."

"ये म्हणते ना."

बायको उंबरठा ओलांडून गेली. एवढ्या वर्षांत शनिवारी पहिल्यांदाच. आईने पळीभर सांबार तिच्या तळहातावर ओतलं.

"पेरुमाळ काही बोलत नाही. हे दोघे खोटं बोलतात. तू सांगशील."

बायकोने हात चाटला. मी दारातून तिला डोळ्यांनी खुणा करत होतो, कसल्या ते माझं मलाच माहीत नव्हतं.

"यात मीठच नाही, आई," ती म्हणाली.

"घातलं की आत्ता," आई म्हणाली. मग थांबली. "नाही घातलं?"

"नाही."

"सेरी, बरं." आईने मिठाची बरणी पुढे ओढली, झाकण काढलं आणि आत बघत उभी राहिली. सांबार उतू जायला आलं तसा बायकोने गॅस बारीक केला.

"किती घालायचं, मा?" आईने विचारलं.