व्हर्लिन टोस्ट्रडची गवत कापायची गाडी

व्हर्लिन टोस्ट्रडला आमच्या दफनभूमीचं गवत कापायला लागून एकतीस वर्षं झाली होती. हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं. आधीचा माणूस फ्लोरिडाला राहायला गेला आणि पुढच्या शनिवारी व्हर्लिन आपली गाडी घेऊन तिथे हजर झाला. चर्चच्या कमिटीने आभाराचा ठराव मांडला, तेव्हा तो कॉफी घेऊन येतो म्हणून उठला आणि घरी गेला.

माणूस अंगापिंडाने दांडगा. गावच्या डेअरीत दुधाचे कॅन उचलण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. डेअरी बंद पडल्यावर सकाळी उठून जावं असं ठिकाण त्याला ही दफनभूमीच उरली होती. बोलणं जेवढ्यास तेवढं. एका वादळात त्याच्या घराचं अर्धं छप्पर उडालं, तेव्हा ‘आता जरा वारा येतो’ एवढंच म्हणाला. मिनेसोटात, निदान आमच्या भागात, याला बडबड्या म्हणणारेही निघतील.

मी घरामागच्या शेडमध्ये छोटी इंजिनं दुरुस्त करतो. एप्रिलच्या शेवटी व्हर्लिन गाडी ट्रेलरवर घालून आला.

“जरा नखरे करतेय,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“कधी सुरू होते, कधी नाही. सवड मिळाली की बघ. घाई नाही.”

आमच्याकडे ‘घाई नाही’ याचा अर्थ मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या आत. त्या दिवशी सगळं गाव फुलं आणि छोटे झेंडे घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातं. त्या दिवशी गवत घोट्याएवढं असलं, तर लोक काही बोलत नाहीत, पण वर्षभर बोलत नाहीत.

मी टाकीतलं हिवाळाभर सडलेलं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर साफ केला, नवा प्लग घातला. सीटवर बसून चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. व्हर्लिन ती घेऊन गेला आणि तीन दिवसांनी पुन्हा ट्रेलरसकट दारात.

“माझ्याकडे तर सुरू होते,” मी म्हणालो.

“होत असेल,” तो म्हणाला.

हे ‘होत असेल’ मला चांगलंच झोंबलं. मी बॅटरी बदलली, वायरी तपासल्या, स्वतः बसून दहा वेळा सुरू केली. दहाही वेळा झाली.

खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं, ‘बस बाबा, मला दाखव.’ पण आमच्याकडे असं म्हणत नाहीत. शहात्तर वर्षांच्या माणसाला दाखव म्हणणं म्हणजे तू खोटं बोलतोस असं तोंडावर सांगणं. आणि ‘थांब, दाखवतो’ असं तो म्हणाला असता, तर माझं काम कच्चं आहे असा अर्थ झाला असता. म्हणून आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिलो, पावसाबद्दल बोललो आणि तो गाडी घेऊन गेला.

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, “थंडीत होते. ऊन चढलं की नाही होत.”

आता कसं काम सोपं झालं. तापल्यावर दगा देणारी वस्तू म्हणजे इंजिनाची कॉइल. मी कॉइल बदलली आणि स्वतःवर खूश होऊन दोन दिवस काढले.

मग त्या सोमवारच्या आधीच्या बुधवारी मार्लिस बुसेथ आली. ही चर्चच्या कमिटीची अध्यक्ष. हातात गोड वड्यांचा ट्रे, म्हणजे बातमी वाईट होती.

“व्हर्लिन काल भर दुपारी जाड कोट घालून गवत कापत होता,” ती म्हणाली. “हिवाळ्यातला कोट. घामाने नुसता निथळत होता. मी विचारलं तर म्हणे, कोट घातला की गाडी सुरू होते. त्याचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“अर्धं तरी कापलंय का?”

“अर्धंच कापलंय. उद्या झालं नाही तर शुक्रवारी बाहेरची कंपनी बोलवावी लागेल. ते वर्षाचा करार करतात. मग व्हर्लिनचं काम गेलंच म्हणायचं.”

“त्याला सांगितलंस?”

“सांगितलं. ‘ठीक आहे’ म्हणाला.”

‘ठीक आहे’ म्हणाला याचा अर्थ त्याला रात्री झोप लागली नसणार. मलाही लागली नाही.

गुरुवारी मी हत्यारं घेऊन दफनभूमीत गेलो. ऊन कडक. व्हर्लिन गाडीपाशी उभा, अंगात तोच कोट, कोटाच्या खिशांत लोखंडी पाने कोंबलेले.

“बस,” मी म्हणालो. “कोट काढ, बस आणि माझ्यासमोर चावी फिरव.”

चाळीस वर्षांच्या धंद्यात मी इतकं उद्धट कुणाशी बोललो नव्हतो.  व्हर्लिनने कोट काढला.

शर्ट त्याचाच होता, जुना. आत आणखी एक व्हर्लिन मावला असता. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडलेली होती, एक नाही, चार. तो बसला, चावी फिरवली. टिक असा आवाजही आला नाही. मी त्याच्या शेजारी सीटवर तळहात दाबला आणि म्हणालो, “आता फिरव.” गाडी लगेच सुरू झाली.

सीटखाली एक स्विच असतो. सीटवर माणूस बसलेला नसेल तर तो गाडी सुरू होऊ देत नाही, चालवणारा खाली पडला तर पाती फिरत राहू नयेत म्हणून. व्हर्लिनच्या वजनाने सीट तळाला टेकायची, तेव्हा पंधरा वर्षांपूर्वी मीच तिच्याखाली ट्रॅक्टरच्या जाड स्प्रिंगा बसवल्या होत्या. पेट्रोल, प्लग, बॅटरी, कॉइल, कशातच खोट नव्हती. मी बसलो की त्या स्प्रिंगा दबत होत्या; तो बसला तर सीटवर कुणी बसलंय हे गाडीला कळतच नव्हतं.

मला भयंकर राग आला. त्याचा आला, आणि त्याच्यापेक्षा माझा जास्त. महिनाभर मी इंजिन उघडून बघत होतो आणि पलीकडे उभ्या माणसाकडे धड एकदाही बघितलं नव्हतं.

“डॉक्टरकडे गेला होतास?”

“मार्चमध्ये.”

“काय म्हणाले?”

“बरंच काही म्हणाले.” त्याने न कापलेल्या गवताकडे पाहिलं. “मार्लिसला एवढ्यात काही बोलू नकोस. आधी हे होऊ दे.”

मी माझ्या गाडीतून साध्या स्प्रिंगा आणल्या आणि दहा मिनिटांत बसवल्या. व्हर्लिन बसला. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं. त्याने ते थोडा वेळ ऐकलं आणि बंद केलं.

“यापेक्षा मऊ आहेत का?”

“का? चालतायत की या.”

“आत्ता चालतायत,” व्हर्लिन म्हणाला. “पण शेवटची कापणी ऑक्टोबरात असते.”

मी परत माझ्या गाडीकडे गेलो आणि डब्यातल्या सगळ्यात मऊ स्प्रिंगा शोधून आणल्या.